न लिहिलेली ताकीद

एका मॅन्युअलच्या एका पानावर एक वाक्य असायला हवे होते. ते मी लिहिले नाही. विसरलो म्हणून नव्हे, घाई होती म्हणूनही नव्हे. ते वाक्य काय असावे हे मला शब्दन् शब्द ठाऊक होते, आणि तरीही ती जागा मी मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत एका माणसाचा पाय अडकावा अशी माझी इच्छा होती. तसेच झाले. वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नाही. माझा आवाज लहानपणापासून हळू आहे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे कोणी सहसा तपासत नाही. या सवलतीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

गेल्या फाल्गुनात पोलादपूरला गेलो होतो. आमच्या वाडीकडे चढणारा रस्ता आता डांबरी झाला आहे, पण समोरच्या उतारावर अजून दोन-तीन ठिकाणी राब भाजत होते. पावसाळ्यात भाताचे रोप जिथे काढायचे, त्या तुकड्यावर शेण, पानांच्या फांद्यांचे टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा आणि गवत असे थर रचून पेटवायचे; मातीतले तणाचे बी मरते आणि राखेचे खत होते. ऐनाची पाने आणि शेण एकत्र जळू लागले की जो कडवट, जाडसर धूर उतारावरून घरंगळत येतो, तो नाकात शिरला. आणि मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला. ही नोंद मी जाणूनबुजून करतो आहे. आधी आनंद झाला. सूड शिजत होता त्या दिवसांचा तो वास होता, आणि माझ्या शरीराला तो अजून गोड लागत होता.

ती दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी कामाला होतो. आम्ही जाळी विणणारे सॉफ्टवेअर बनवत असू. पंपातून पाणी कसे वाहील, झडपेवर किती ताण येईल, हे गणिताने काढायचे तर आधी त्या वस्तूच्या आकाराचे हजारो बारीक तुकडे पाडावे लागतात. त्या तुकड्यांची मिळून जी होते ती जाळी. माउसने एकेक रेघ ओढत बसण्याऐवजी कमांडच्या ओळी एका फाइलीत लिहून ठेवल्या, की सॉफ्टवेअर त्या एकापाठोपाठ एक वाचते आणि जाळी विणते. या कमांड बनवत असे इक्बाल. त्या कशा वापराव्यात हे लिहीत असे मी. तो महाडचा, मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. पुण्यात भेटलेल्या दोन अनोळखी माणसांना जवळ यायला एवढे पुरेसे होते. मी सगळ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढत असे म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

सणावाराला आम्ही एकाच एसटीने वरंध घाट उतरत असू. एकदा खिडकीतून शिवथरच्या बाजूची भातखाचरे दिसत होती. मी त्याला म्हणालो, "बघ, उतार जिथे तीव्र, तिथे खाचरे किती अरुंद केली आहेत. खाली सपाटीला येता येता रुंद होत जातात, पण एकदम नाही. आपली जाळी हे का शिकत नाही? भिंतीलगत बारीक थर, मग हळूहळू मोठे. आणि किती बारीक ते उतारानेच ठरवायचे."

इक्बाल हसला. "मास्तर, तू कंपनी सोड आणि शेती कर. तुझ्या बापाला तरी मदत होईल."

जगात कोणालाच सुचली नव्हती अशी ती कल्पना होती, असा माझा दावा नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती नव्हती. दीड महिन्याने बैठकीत इक्बालने नवी कमांड दाखवली. पडद्यावर आधी भातखाचरांचा फोटो आला आणि त्यामागून जाळी. साहेबांनी विचारले, "हे सुचलं कसं?" इक्बाल म्हणाला, "घाट उतरत होतो सर. खिडकीतून बघता बघता सुचलं." बैठकीचा वृत्तान्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. 'कल्पना' या शब्दापुढे मी स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चल मास्तर, आज भजी माझ्याकडून." मी गेलो. दोन प्लेट खाल्ल्या. एका शब्दाने विचारले असते तर कदाचित तो कान पकडून मोकळा झाला असता. मी विचारले नाही, कारण मला त्याने कबूल करायला नको होते. मला तो पडायला हवा होता.

सूड हा शब्द आपण मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवतो. घराणी, तलवारी, जमिनीचे तंटे. माझा सूड टेबलाशी बसणारा होता. तो माझ्याबरोबर डबा खात असे, माझ्याबरोबर सकाळी उठत असे. त्याने मला उत्साही केले. इतक्या वर्षांत मी इतके नेमके, इतके स्वच्छ लिहिले नव्हते जितके त्या काळात लिहिले, कारण मनाच्या एका कोपऱ्यात मी सतत जागा शोधत होतो.

माघात वडील राबासाठी टहाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. कमरेचे हाड मोडले. घरी कोणीतरी राहणे भाग होते. साहेबांनी मॅन्युअल गावाहून लिहायला परवानगी दिली, पण आमच्या वाडीत वीज लहरीनुसार येई आणि फोन नव्हताच. तेव्हा इक्बाल म्हणाला, "महाडला आमच्या युसूफभाईंच्या ऑफिसवर खोली रिकामी आहे. कॉम्प्युटर ठेव, फोनची लाइन आहे. आणि अम्मी आहे, उपाशी मरणार नाहीस."

म्हणून ते तीन महिने मी रोज सकाळी पोलादपूरहून एसटीने महाडला येई, आणि ज्याला पाडायचे होते त्याच्याच घराच्या माडीवर बसून त्याला पाडण्याची तयारी करी. खाली त्याच्या थोरल्या भावाचे, युसूफभाईंचे, ट्रान्सपोर्टचे ऑफिस होते. ट्रक मागे घेताना क्लीनर 'आने दो, आने दो' ओरडत, तेव्हा माझ्या टेबलावरचा पेला किणकिणत असे. दुपारी इक्बालची आई जिना चढून येई. मी तिला खाला म्हणत असे. तिच्या हातात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी.

"किती वेळ त्या डब्यात डोकं घालशील रे? खाऊन घे आधी."

"खाला, एवढं पान होऊ द्या."

"पान काय पळून जातंय? माझा इक्बाल पण असाच. दोघं एका माळेचे मणी." मग पदराआडून एक बाटली काढून ठेवी. "ह्यो बाम घे. धाकट्यानं दुबईवरनं धाडलाय. तुझ्या बापाच्या कमरेला चोळ. सांग म्हणावं, लय जोरात नाय चोळायचा."

तो बाम मी रोज संध्याकाळी वडिलांच्या कमरेला चोळत असे. त्यांना बरे वाटे. आणि मला खालाचे उपकार वाटत, पण त्या उपकारांनी माझ्या हेतूवर ओरखडाही उमटत नसे. मनाला असे दोन स्वतंत्र कप्पे असू शकतात आणि दोन्हींतून एकाच वेळी प्रामाणिकपणे जगता येते, हे मला त्याच वर्षी कळले.

कमांडच्या प्रत्येक पानाची आमची ठरलेली रचना असे. वर नाव, मग ती काय करते, तिला काय काय सांगावे लागते, एखादी गोष्ट सांगायची राहिली तर ती काय गृहीत धरते, त्याखाली चौकटीत ताकीद, आणि शेवटी एक उदाहरण. माझा नियम असा, की स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकाही कमांडबद्दल लिहायचे नाही. पान झाले की छापून युसूफभाईंच्या ट्रकवाल्याबरोबर पुण्याला जाई. इक्बालने ते वाचून सही करायची, की माहिती बरोबर आहे. आणि या धंद्यातले आणखी एक सत्य मला ठाऊक होते: मॅन्युअल कोणी वाचत नाही. माणसे थेट खाली जातात, उदाहरण उचलतात आणि आपल्या फाइलीत चिकटवतात.

त्या थरांच्या कमांडची पाळी आली त्या दिवशी इक्बालचा फोन आला. "मास्तर, लिहून घे. थर किती हवेत तो आकडा दिला नाही, तर ही कमांड त्या भागाची जुनी जाळी सगळी उडवते. हाताने केलेलं कामसुद्धा. नवी विणते आणि त्याच फाइलीवर ठेवते, मागे फिरता येत नाही. पुढच्या वेळी मी दुरुस्त करतो, पण तोवर ताकिदीत टाक. मोठ्या अक्षरात टाक."

"टाकतो," मी म्हणालो. एका चिठोऱ्यावर लिहूनही घेतले. मग कमांड चालवून पाहिली. अगदी तसेच झाले. पडद्यावरची जाळी क्षणभर नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरी आली. जुनीचा मागमूस उरला नाही. शोधत होतो ती जागा ही होती.

त्या पानावर ताकिदीची चौकट मी ठेवलीच नाही. आणि उदाहरण दिले ते सर्वांत आखूड. आकडा न देता लिहिलेली एक सुबक ओळ. वाचणाऱ्याला वाटावे, वा, इतके सोपे. पान पुण्याला गेले. चाळीस पानांच्या गठ्ठ्यावर इक्बालने एका दमात सह्या केल्या असाव्यात. वर पेन्सिलने लिहिले होते, 'तू लिहिलंस म्हणजे झालं.' मला त्याचा राग आला. इतका विश्वास ठेवून तो माझ्यापेक्षा चांगला ठरू पाहतो आहे, असे वाटले.

त्याच आठवड्यात आमचा राब भाजायचा होता. वडील अंगणातल्या बाजेवरून मान वळवून सांगत होते.

"त्या अंगानं नको रं. वाऱ्याच्या उलट अंगानं लाव."

"इकडून लवकर पेटेल, बाबा."

"पेटंल, आन् वरच्यावर जळून जाईल. मातीतलं बी हाय तसंच. सावकास जाऊ दे. धुमसत ऱ्हायला पायजे. जाळ दिसला नाय तरी चालंल."

शेजारची काकू बांधावरून म्हणाली, "पुण्यात शिकला, आन् आगपेटी धरता येत नाय."

"त्ये शिकवत नायत तिकडं," वडील म्हणाले, आणि दुखऱ्या कमरेवर हात ठेवून हसले.

मी वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावली. खिशातला तो चिठोरा त्या टहाळांत सरकवला. कागद काळा पडून गुंडाळत गेला, आणि मला कुणीतरी शाबासकी दिल्यासारखे वाटले. वडील शेतीबद्दल बोलत होते. मी मात्र त्यांचा प्रत्येक शब्द माझ्या कामासाठी उचलत होतो.

मग शिमगा आला. देवाची पालखी सकाळी आमच्या दारात टेकली. गुरवाने गाऱ्हाणे घातले: घरधन्याची कंबर बरी कर, पोराबाळांना सुखी ठेव. वडिलांनी मला पुढे ढकलले. "तुला काय मागायचंय ते माग. मनात ठेवू नको." मी हात जोडले आणि इक्बालची फजिती मागितली. सर्वांच्या समोर व्हावी, एवढे खास जोडले. देवाशी इतक्या स्पष्टपणे मी पूर्वी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही.

पावसाळा संपता संपता ती फजिती झाली. एका ग्राहकाकडे कामाला असलेल्या मुलीने पंपाची जाळी तीन आठवडे हाताने नीट केली होती. शेवटी भिंतीलगत थर चढवायचे म्हणून तिने मॅन्युअलमधले उदाहरण उचलले. ती फोनवर रडत होती, असे आमच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितले. तिचा विचार मी आधी केलाच नव्हता. सूड घेणाऱ्याला आपण आणि शत्रू एवढेच जग दिसते. मध्ये कोण उभे आहे ते दिसत नाही.

साहेबांनी सगळ्यांना बसवले. पान टेबलावर ठेवले. इक्बाल म्हणाला, "सर, मी याला फोनवर सांगितलं होतं. ताकीद टाक म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं?"

"मला आठवत नाही सर," मी म्हणालो. नेहमीच्या आवाजात.

"सही तुमची आहे, इक्बाल," साहेब म्हणाले.

इक्बालने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला विजय पुरता भोगता आला असता. पण तो काहीतरी हिशेब जुळवत असल्यासारखा पाहत होता; घाट, खिडकी, खाचरे, भजी, पुन्हा घाट. मग त्याने मान खाली घातली. त्याला माझे सगळे कळले असे मला त्या क्षणी वाटले, आणि मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. त्याला कमांडच्या कामावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवले. दोन महिन्यांनी तो सोडून गेला आणि धाकट्या भावाच्या ओळखीने आखातात गेला. गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम. ज्याने सॉफ्टवेअरला जाळी विणायला शिकवले तो खोकी मोजू लागला. मला बढती मिळाली. मॅन्युअलच्या पुढच्या आवृत्तीत ती ताकीद मी ठळक अक्षरांत लिहिली. चार मिनिटे लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खाला मला महाडच्या स्टँडवर भेटली. हातातली पिशवी खाली ठेवून तिने विचारले, "तुमच्या दोघांच्यात काय झालं रे? तो काय बोलत नाय."

"काही नाही, खाला. कामाचं होतं."

"कामाचं असंल तर मिटंल," ती म्हणाली आणि माझ्या बाहीला लागलेली धूळ झटकली. काही वर्षांनी ती गेल्याचे कळले. मी दफनाला गेलो नाही. त्या घराच्या दारात पाय ठेवायचा तर काय म्हणून, हे ठरत नव्हते.

इतकी वर्षे मी स्वतःला एकाच दोरीने सांभाळले: चोरी आधी त्याने केली होती. हे खरे आहे. माझी कल्पना त्याने घेतली आणि माझे नाव घेतले नाही. पण ही खरी तक्रार मी कधी कोणापुढे मांडली नाही. मांडली असती तर ती मिटली असती, आणि मला ती जिवंत हवी होती. तिच्या आडोशाला मी हवे ते करू शकत होतो. त्याची चोरी एका वाक्याची होती. मी त्याचे अर्धे आयुष्य घेतले, आणि वर बिचारा मीच राहिलो.

तर गेल्या फाल्गुनात, तो धूर नाकात घेऊन आणि त्याचा आनंद झाल्याची चीड घेऊन, मी दुसऱ्या दिवशी सकाळी महाडला गेलो. इक्बाल चार वर्षांपूर्वी कायमचा परतला आहे, हे ऐकून होतो. ऑफिस त्याच जागी. भिंतीवर माणसाच्या डोक्याहून उंच पुराच्या पाण्याची रेघ होती आणि तिच्यावर नवा रंग कुणी दिला नव्हता. युसूफभाई आता सत्तरीकडे झुकलेले, खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. एक ड्रायव्हर कागदांसाठी थांबला होता. इक्बाल चष्मा नाकावर ठेवून पावत्यांवर शिक्के मारत होता. त्याची दाढी पांढरी झाली होती.

"या मास्तर," तो म्हणाला. "बसा."

त्या 'बसा'ने मला दारातच थांबवले. आम्ही कधी अहो-जाहो केले नव्हते.

"चहा सांग," युसूफभाई म्हणाले. "इतक्या वर्षांनी आलेत. रस्ता विसरले होते काय साहेब?"

"मॅन्युअलमध्ये लिहिला नसेल," इक्बाल म्हणाला. मान वर न करता, शिक्का मारता मारता.

म्हणजे त्याला ठाऊक होते. त्या बैठकीपासून ठाऊक होते, आणि त्याने कोणाला सांगितले नव्हते. युसूफभाई नुसते हसले. त्यांना त्यात काही वेगळे दिसले नाही. एसटीत येताना मी मनाशी बोलण्याचे दोन भाग जुळवले होते. पहिल्यात माझी चूक होती. दुसऱ्यात त्याची: घाट, खाचरे आणि वृत्तान्ताची वही. दुसरा भाग जास्त चांगला जमला होता. तो जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. आता बोललो तर दोघांची फिटंफाट होईल, असे तो मला समजावत होता. इतक्या वर्षांनीही मला त्याच्याकडून काहीतरी हवेच होते. मी तो गिळला.

"वर जाऊन बसा की," युसूफभाई म्हणाले. "इथं गडबड आहे."

"नको," मी म्हणालो. "खोटं चारचौघांत बोललो होतो. हेही चारचौघांत बोलायचं आहे." पण बाहेर ट्रक सुरू होता आणि माझे बोलणे कोणालाच ऐकू गेले नाही. ड्रायव्हरने कानामागे हात धरला. युसूफभाई म्हणाले, "जरा मोठ्यानं."

इक्बालने शिक्का खाली ठेवला.

मी उभा राहिलो, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा इतक्या मोठ्याने बोललो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "इक्बाल, थरांच्या कमांडची ताकीद तू मला फोनवर सांगितली होतीस. मी ती मुद्दाम गाळली. तू अडकावास म्हणून उदाहरणही तसंच दिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुझ्या हातचं काम मी घालवलं, आणि तुझ्या आईच्या हातचं खात असताना घालवलं. मला माफ कर."